त्या माणसाला सांगा

बाबा, तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा तुमच्या अंगात सदरा नव्हता. हॉस्पिटलची ती हिरवी चादर छातीवर ओढायला तुमचा हात चाचपडत होता आणि चादरीपर्यंत पोचत नव्हता. नर्सला वाटलं थंडी वाजतेय, तिनं एसी कमी केला. थंडीबिंडी काही नव्हती. जावई आला होता. मी चादर वर ओढून दिली आणि खिडकीकडे बघत बसलो.

लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं आपलं. करावे गावात तुमच्या दारात माझी गाडी लागली, की ओटीवर उघड्या अंगानं बसलेले तुम्ही उठून आत जायचात आणि बटणं लावत बाहेर यायचात. दर्शना चिडायची. माझा नवरा काय कलेक्टर आहे का, म्हणायची. तुम्ही एवढंच म्हणायचात, 'जावय हाय.' तुम्ही मला कधी 'अरे-तुरे' केलं नाहीत, मी तुमच्यासमोर कधी मांडी घालून ऐसपैस बसलो नाही. गावात लोक कौतुक करायचे, सासरा-जावई असावेत तर असे. त्या कौतुकाचा मला आता राग येतो.

दशक्रियेला लोक तुमच्याबद्दल बोलले. खाडी, जमिनी, मंदिराचा जीर्णोद्धार, भांडणं मिटवायची तुमची हातोटी, सगळं खरंच बोलले. माईक माझ्याकडेही आला. मी मान हलवून पुढे दिला. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं.

आमच्या सईचा जन्म आठवून पाहा. दर्शनाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझी आई साताऱ्याला पाय मोडून पडली होती. पहिलं बाळंतपण, माहेरी करायला बाई नाही आणि सासरचीही येऊ शकत नाही. मी ओळखीपाळखीत कुणी मिळतंय का बघत होतो, तेवढ्यात तुम्हीच खारघरच्या फ्लॅटच्या दारात येऊन उभे राहिलात. एका हातात बाजरीच्या पिठाचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत अळीव, डिंक, खारीक, ओवा, बाळंतशेपा, आणि तळाशी फडक्यात बांधलेली काशाची वाटी. मालिशला बाई ठेवा, बाकीचं मी बघतो, म्हणालात. लेकीचं बाळंतपण करायला बाप आलेला आमच्या सोसायटीनं तरी पहिल्यांदाच पाहिला.

गावातल्या बायकांना विचारून तुम्ही सगळं पाठ करून आला होतात. तरी अडायचं. मग स्वयंपाकघरातून तुमचा फोनवरचा आवाज यायचा, 'काय गो वयनी, अळीव किती टाईम भिजवाचा?' एकदा शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी दिलीत, तर धूर दाराखालून पॅसेजमध्ये गेला, समोरच्यांनी वॉचमनला बोलावलं आणि तो बादलीभर पाणी घेऊन धावत वर आला. तुम्ही त्याला बसवून चहा पाजलात. त्याचं चोंदलेलं नाक सुटलं म्हणून तो तुम्हालाच नमस्कार करून गेला. पुढच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांनी धूर अजिबात नको म्हणून सांगितलं, तेव्हा शेगडी बंद केलीत, पण दोन दिवस तोंड पाडून होतात.

मे महिना होता. घरात एसी नव्हता. जावयाचं घर म्हणून तुम्ही तेव्हाही सदरा उतरवला नाहीत. पाठभर घामोळं उठलं, मग सईची पावडर हळूच घेऊन लावायचात. डबा हलका होत चालला तेव्हा दर्शनाला संशय आला होता माझा.

आणि मध. मधाचं भांडण तर आपलं कधी संपलंच नाही. तुम्हाला बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, वर्षाच्या आत मध नाही. तुम्ही म्हणालात, आमी सगले मधावरच वाढलो, मेलो का? मी आवाज चढवला. तुमच्यावर आवाज चढवल्याची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. आधी डॉक्टर, मग घरचं, असं मी बोट रोखून म्हणालो. तुम्ही बाटलीचं झाकण घट्ट लावलंत आणि ती वरच्या फळीवर ठेवलीत. सईच्या पहिल्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी तीच बाटली खिशातून काढलीत आणि सगळ्यांसमोर मला विचारलंत, आता तरी परवानगी हाय का साहेब. लोक हसले. मीही हसलो. पुढे सई कॉलेजात गेली तरी तिला सर्दी झाली की तुम्ही म्हणायचात, मध वेलेवर नाय मिलाला, त्याचा हा परिनाम.

आधी डॉक्टर, मग घरचं. हे वाक्य मी बोललो होतो, बाबा. मीच.

आता जे लिहितोय ते फक्त तुम्हाला माहीत होतं. सई झाली आणि मला तिला हातात घ्यायची भीती वाटायला लागली. गॅलरीच्या दाराजवळून तिला घेऊन जाताना वाटायचं, ही आपल्या हातून सुटणार. कधी तर वाटायचं, आपणच सोडणार. ते डोक्यात आलं की मी तिला पटकन खाली ठेवायचो. असा विचार येणारा माणूस बाप कसला, म्हणून तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती. झोप उडाली. महाप्याला ऑफिस सुटलं तरी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो आणि घरी सांगायचो, मीटिंग होती.

तुम्ही काही विचारलं नाहीत. एका रविवारी दुपारी दर्शना आणि सई झोपल्या होत्या, तेव्हा तुम्ही मला गॅलरीत बोलावलंत. खुर्चीत बसवलंत आणि स्वतः खाली फरशीवर बसलात. हातात ती काशाची वाटी आणि थोडं तूप.

'जावयबापू, आमच्या करावेला एक मानूस व्हता,' तुम्ही म्हणालात. 'त्याला पयली पोर झाली. पन तो तिला हातात घ्यायचा नाय. मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचा. लोकांना वाटलं, पोरगा पायजे व्हता याला. तसं नव्हतं. त्याला वाटायचं, आपल्या हातना काय तरी इपरीत व्हईल.'

माझ्याकडे न बघता तुम्ही माझा पाय उचलून मांडीवर घेतलात. मी दचकून मागे ओढला. सासऱ्यानं जावयाच्या पायाला हात लावायचा तो लग्नात, पाय धुताना, भटजी समोर असताना. तुम्ही पाय पुन्हा धरलात. एकदा धुतले तेव्हा काय बोलला नाय, आता घासतो तर काय झालं, असं काहीसं पुटपुटलात आणि वाटी तळव्यावर फिरवायला लागलात. त्या माणसाच्या बापानं त्याचे पाय असेच घासले होते, तेव्हा कुठे त्याला झोप लागली, म्हणालात. आधी गुदगुल्या झाल्या, मग पाय जड झाले, आणि मग डोक्यातली कुजबुज कुणीतरी हळूहळू दाबत नेल्यासारखी कमी झाली. मी खुर्चीतच झोपलो.

जागा झालो तेव्हा वाटीतलं तूप काळं झालं होतं. बघा, केवडी उष्नता व्हती अंगात, म्हणून तुम्ही मला ती दाखवलीत. मी केमिकल कंपनीच्या क्वालिटी विभागात काम करणारा माणूस, ते काळं धातूचं असतं हे मला ठाऊक होतं. पण झोप तर खरी होती.

त्या माणसाचं पुढे काय झालं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, 'काय व्हनार? पोर मोठी झाली, लगीन करून दिलं. जावय बरा हाय. जरा कमी बोलतो.'

मग तुम्ही मला एकेक सांगत गेलात, सगळं त्या माणसाच्या नावावर. तो माणूस सकाळी कोवळ्या उन्हात पोरीला घेऊन बसायचा, उभं राहायचं नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचं, म्हणजे पडायची भीतीच नाही. पोर झोपली की तोही झोपायचा. जेवण चुकवायचा नाही. संध्याकाळी खाडीपर्यंत चालून यायचा, पण बांधावर बसून राहायचं नाही, चालायचं आणि घरी यायचं. हे मी सगळं केलं. दोन-तीन महिन्यांत मी सईला खांद्यावर टाकून गॅलरीत उभा राहायला लागलो. आज वाटतं, तेव्हाही मला डॉक्टरची गरज होती. पण मला कुणीतरी पाहिलं होतं, आणि त्यावर मी तरून गेलो.

एक मात्र केलं नाही. शेवटी तुम्ही म्हणाला होतात, 'त्या मानसानं बायकोला कदी सांगितलं नाय. ती गेली, तरी नाय सांगितलं. तेवढं एक त्याच्या मनात रायलंय. तुमी दर्शनाला बोला. बायको हाय ती, पोलीस नाय.'

मी हो म्हणालो आणि नाही बोललो.

त्या दिवसांनंतर मला घरगुती उपायांचा नाद लागला. वाचायला लागलो, लोकांना सांगायला लागलो. सोसायटीत सकाळी चालायला येणारे पुरुष मला विचारायचे. कुणाचं पोट, कुणाची टाच, कुणाला नवीन बाळामुळे झोप नाही. मी सांगायचो: रात्रीचं जेवण लवकर, कोमट पाणी, साखर कमी, बायकोला दुपारी दोन तास झोपू द्या आणि बाळ तुम्ही सांभाळा. ग्रुपवर रोज सकाळी माझी एक सूचना पडायची. दर्शना तुम्हाला ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि तुम्ही मान डोलवायचात. माझ्यापुढे कुणी अशी मान डोलवली की मला बरं वाटायचं, हेही आता कबूल करतो.

मग दोनेक वर्षांपूर्वी, ओटीवर, रविवारीच, तुम्ही म्हणालात, 'जावयबापू, आमच्या इकडं एक मानूस हाय.'

पहिल्या शब्दाला मला कळलं, बाबा. कळलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगून पाहिलं. ते खोटं आहे.

त्या माणसाला रात्री सारखं उठावं लागतं, म्हणालात. धार बारीक झालीय. गेलं तरी पुरतं गेल्यासारखं वाटत नाही. मी वय विचारलं. 'माझ्याच वारगीचा,' तुम्ही म्हणालात आणि अंगणातल्या कोंबडीला हाकललंत. तुमच्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. मी समोर पायाशी पाय जुळवून बसलो होतो. सासरा जावयाला आपल्या लघवीचं सांगणार तरी कसं, आणि जावई विचारणार तरी कसं? त्या माणसामुळे आपली दोघांची सोय झाली. मी म्हणालो, त्या माणसाला सांगा, संध्याकाळनंतर चहा नको. जवाचं पाणी प्यायला सांगा. लाल भोपळ्याच्या बिया चावून खायला सांगा. तुम्ही सगळं लक्षपूर्वक ऐकलंत, जणू निरोप पोचवायचाच होता.

पुढच्या वेळी मी विचारलं, त्या माणसाला बरं आहे का. जरा बरं हाय, म्हणालात. नंतर गोखरूचा काढा झाला. नंतर त्या माणसाची कंबर दुखायला लागली, तर मी तिळाचं तेल आणि शेक सांगितला. एकदा, एकदाच, मी म्हणालो, त्या माणसाला एकदा डॉक्टरला दाखवायला सांगा. सांगतो, म्हणालात. पुढच्या रविवारी विचारलं, गेला का तो? तुम्ही म्हणालात, जाईल. बस्स. जो माणूस बोटभर मधावरून तुमच्यावर ओरडला होता, त्याला तुमचं मनगट धरून 'उठा, गाडीत बसा' म्हणता आलं नाही. तसं म्हटलं असतं तर तो माणूस कोण हे दोघांच्या मध्ये उघडं पडलं असतं. तुमचा सदरा माझ्या हातानं उतरवल्यासारखं झालं असतं. असं मला वाटायचं. किती मूर्ख कारण आहे हे लिहिताना दिसतंय.

आणि तो चहाचा दिवस. तुम्ही आवाज एकदम खाली आणून म्हणालात, 'त्या मानसाला काल लाल दिसलं. लगवीत.' मी तोंड उघडलं, तेवढ्यात दर्शना चहा घेऊन बाहेर आली. ती आपल्या दोघांच्या मध्ये उभी होती, बाबा. तुमची मुलगी. तिला एक वाक्य सांगायचं होतं, पुढचं सगळं तिनं केलं असतं, तुम्हाला ओढत नेलं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कप उचलला आणि म्हणालो, चहा जरा गोड झालाय.

तुम्ही हसलात. मग निवट्यांचा विषय निघाला. पूर्वी खाडीच्या चिखलात ही मासळी कशी हातानं धरायची ते तुम्ही सांगत बसलात. घरी जाताना गाडीत मी ठरवलं, उद्या फोन करू. सोमवारी ऑफिसात काहीतरी निघालं. मंगळवारी वाटलं, फोनवर काय बोलायचं, रविवारी समोरासमोर बोलू. रविवारी तुम्ही म्हणालात, त्या मानसाचं लाल थांबलं. मला इतकं हलकं वाटलं की मी दुसरा कप मागितला.

गावातल्या तळ्याच्या काठावर चालताना तुमचे पाय लुळे पडले आणि लोकांनी तुम्हाला उचलून आणलं, तेव्हा सगळं एकदम कळलं. प्रोस्टेटचा कॅन्सर होता, मणक्यात पोचला होता. डॉक्टरांना मी बाहेर गाठून विचारलं, आधी आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, नक्की सांगता येत नाही, पण आधी आणायला हवं होतं. मला हो किंवा नाही यातलं एक हवं होतं. यातलं एकही मिळालं नाही आणि आता ते कुणाकडे मागायचं तेही कळत नाही.

तुम्ही शुद्धीवर होतात त्यातल्या एका दुपारी दर्शना खाली औषधं आणायला गेली होती. मी म्हणालो, बाबा, तो माणूस.

तुम्ही डोळे उघडलेत. 'तुमाला ठावं व्हतं,' तुम्ही म्हणालात. विचारलं नाहीत, म्हणालात.

मी हो म्हणालो.

'मंग तेच. मना वाटलं, जावय शिकलेला हाय. जोखमीचं असतं तर बोलला असता. तुमी काय बोलला नाय, म्हनून मी निवांत रायलो.'

राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. उलट तुम्ही मला समजावत होतात, की त्या दिवसांत तुम्हाला घोर नव्हता, झोप येत होती. माझ्या गप्प राहण्यावर तुम्ही डोकं टेकून झोपत होतात, बाबा. मग तुम्ही 'दर्शनाला' एवढंच म्हणालात आणि औषधाच्या गुंगीनं डोळे मिटलेत. सांगा म्हणणार होतात की सांगू नका म्हणणार होतात? मी पुढचे सगळे दिवस वाट पाहिली. तुम्ही ते वाक्य पुरं केलं नाहीत.

तुम्ही गेल्यापासून दर्शना झोपलेली नाही. करावेच्या घरी तुमच्या सदऱ्यांच्या घड्या घालते, मोडते, परत घालते. प्रत्येकाला एकच विचारते. मी दर रविवारी येत होते, समोर बसत होते, मला कसं कळलं नाही? मुलगी ना मी? बाबांनी कुणालाच सांगितलं नाही, म्हणजे आपण कुणीच त्यांच्या जवळचे नव्हतो का? लोक तिला समजावतात, ही माणसं अशीच असतात, बोलत नाहीत. मीही समजावलं. तिच्या पाठीवर हात ठेवून मी हे म्हणालो की त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. जे ओझं माझं होतं ते तिच्या डोक्यावर तसंच राहू दिलं, वर हात ठेवून.

परवा दुपारी तुमच्या फळीवर ती काशाची वाटी दिसली. तूप घेतलं. दर्शना ओटीवर बसली होती. मी खाली बसलो आणि तिचा पाय मांडीवर घेतला. ती म्हणाली, काय करतोस, कुणी बघेल. मी वाटी फिरवायला लागलो. थोड्या वेळानं तिचे खांदे उतरले, डोळे जड झाले. तशीच झोपू द्यावी असं फार वाटलं. मी तोंड उघडलं आणि आवाज आला, 'करावेला एक माणूस होता.' आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

मी थांबलो. मग म्हणालो, 'दर्शना, मला माहीत होतं. बाबांनी मला सांगितलं होतं.'

ती जागी झाली. कधीपासून, तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. जवाचं पाणी, बिया, काढा, कंबर, लाल, चहा. सई लहान असतानाचं गॅलरीतलंही सांगितलं, तुम्ही सांगायला सांगितलेलं, इतक्या वर्षांनी. मी पाय घासत राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, 'चहा गोड नव्हता त्या दिवशी. बाबांना साखर नको म्हणून मी सगळ्यांचाच बिनसाखरेचा केला होता.' आणि उठून आत गेली.

एक पाय झालाय, बाबा. दुसरा तिनं अजून पुढे केलेला नाही. वाटी काळ्या तुपासकट ओटीवर तशीच आहे. मी धुतली नाही.